दादाच्या झोपेसाठी, डॉक्टर, तुमचे आभार

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

झोप लागावी म्हणून रोज रात्री पिणाऱ्या माझ्या दादाला तुम्ही उपदेश केला नाहीत, त्याबद्दल आधी आभार. उपदेश त्याला सगळ्यांनीच केला होता. तुम्ही मात्र विचारलंत, "जाग किती वाजता येते?" तो म्हणाला, तीनच्या सुमारास, आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही.

तुम्ही कागदावर रात्रीचे दोन भाग पाडलेत. दारू मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या मेंदूतल्याच रसायनाचा परिणाम वाढवते, त्यामुळे झोप लवकर लागते आणि सुरुवातीला गाढही असते. पुढे यकृत ती पचवत जातं, नशा उतरते आणि दडपलेला मेंदू उसळून जागा होतो. छाती धडधडते, घाम येतो, लघवीला उठावं लागतं. स्वप्नांची झोप तर आधीच कमी झालेली असते. घशाचे स्नायू सैल पडतात म्हणून घोरणं वाढतं. शिवाय शरीराला सवय झाली की तेवढ्या पेगने झोप येईनाशी होते आणि पेग वाढतो. आपल्या रात्रीचं इतकं नेमकं वर्णन दादा पहिल्यांदाच ऐकत होता. खूप दिवसांनी तो कुणाच्या डोळ्यांत बघून बोलला.

आईने विचारलं, "आजपासून बंदच करू का?" तुम्ही ठाम नाही म्हणालात. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावर बेतू शकतं, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. तुमच्या देखरेखीखाली ती हळूहळू कमी झाली. दारूवर झोपेची गोळी कधीच घ्यायची नाही, हेही तुम्ही बजावलंत. सोडल्यावर काही काळ झोप आणखी बिघडेल, हे आधीच सांगितलंत म्हणून त्या रात्री तो पुन्हा बाटलीकडे वळला नाही.

आता तो झोप आली तरच अंथरुणावर जातो, जाग राहिली तर उठून दुसऱ्या खोलीत बसतो आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठतो. काही रात्री अजून वाईट जातात. त्याही तो तुम्ही सांगितलेल्या झोपेच्या वहीत लिहितो, लपवत नाही. पुढच्या भेटीला वही घेऊन येईल.

आपली नम्र,
त्याची धाकटी बहीण