हंगामाचे भाकीत करताना खुणा नकोत, शक्यतांची बेरीज हवी

महोदय,

ऑगस्ट जवळ आला की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा चाहता वेळापत्रक पुढ्यात घेतो आणि बारा सामन्यांपुढे एकेक करून ‘जिंकू’ किंवा ‘हरू’ अशी खूण करत जातो. शेवटी १०-२ (दहा विजय, दोन पराभव) किंवा ११-१ असा आकडा निघतो आणि नोव्हेंबरात त्याच आकड्यावरून प्रशिक्षकाला हाकलण्याची मागणी सुरू होते. ज्यांची मुले तिकडच्या विद्यापीठांत शिकतात अशा अनेक मराठी घरांत हा खेळ आता मनापासून पाहिला जातो. त्यामुळे भाकीत कसे करावे, यावर थोडे सविस्तर लिहीत आहोत.

मूळ चूक खूण करण्याच्या पद्धतीतच आहे. समजा, तीन सामने जिंकण्याची शक्यता ९५ टक्के आहे, दोन ८५ टक्क्यांचे, तीन ६५ टक्क्यांचे, दोन अगदी बरोबरीचे आणि दोन ३० टक्क्यांचे. खुणा करणारा पहिले आठ सामने खिशात टाकतो, बरोबरीचे दोन्ही मनातल्या ओढीने आपल्याकडे ओढतो आणि १०-२ लिहितो. आता शक्यतांची बेरीज करा: २.८५ अधिक १.७ अधिक १.९५ अधिक १ अधिक ०.६, म्हणजे ८.१ विजय. त्या ‘खिशातल्या’ आठही सामन्यांत जिंकण्याची शक्यता गुणाकाराने काढली, तर ती जेमतेम १७ टक्के भरते. बाराच्या बारा सामन्यांत ९० टक्के शक्यता असलेला बलाढ्य संघही १२-० ने हंगाम संपवण्याची शक्यता फक्त २८ टक्के असते. म्हणून ८.१ हा आकडाही एकटा लिहू नये. सात ते नऊ विजय असे लिहावे आणि सहा किंवा दहा झाले तरी नवल मानू नये.

टक्के आणायचे कुठून? आधी गुणांचा फरक ठरवा. तीन गुणांनी सरस संघाला साधारण ५८ टक्के, सात गुणांनी सरस असेल तर ७०, चौदाला ८५ आणि एकवीसच्या पुढे ९५ टक्के धरावेत. घरच्या मैदानाचे अडीच-तीन गुण वेगळे मिळवायचे. हे मात्र दोनदा मोजले जाणार नाहीत याची काळजी घ्या.

आणखी एक पडताळा फार उपयोगी आहे. बिग टेन या कॉन्फरन्समध्ये (आपसांत ठरावीक सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) १८ संघ आहेत आणि प्रत्येक संघ कॉन्फरन्समधले नऊ सामने खेळतो. म्हणजे एकूण सामने ८१ आणि विजयही ८१च, संघामागे सरासरी साडेचार. आपल्या संघाला सात विजय देताना बाकीच्या सतरा संघांनाही आकडे द्या आणि बेरीज ८१ येते का ते पाहा. ती शंभराकडे गेली, तर आपण कुणाचे तरी पराभव लिहायला विसरलो आहोत.

आता संघाकडे वळू. ‘अकरापैकी आठ खेळाडू परतणार’ हे वाक्य निम्मीच माहिती देते. खेळाडू किती परतले यापेक्षा गेल्या वर्षीच्या एकूण स्नॅपपैकी (चेंडू मागे देऊन सुरू होणाऱ्या चालींपैकी) किती त्यांनी खेळले होते, हे मोजावे. त्यातही क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) आणि त्याच्यासमोर उभी राहून त्याला वाचवणारी पाच जणांची ऑफेन्सिव्ह लाइन यांना जास्त वजन द्यावे. या पाच जणांचे मोल ताकदीइतकेच एकमेकांच्या सवयीत असते. समोरचे दोन बचावपटू स्नॅप पडताच जागांची अदलाबदल करतात, तेव्हा लाइनमधल्या गार्डने आपला माणूस शेजारच्या टॅकलकडे सोपवून त्याचा माणूस घ्यायचा असतो. वर्षभर शेजारी उभे राहिलेले दोघे हे न बोलता करतात. ट्रान्सफर पोर्टलमधून (खेळाडूंना विद्यापीठ बदलू देणाऱ्या व्यवस्थेतून) नुकतेच आलेले दोघे अर्धा क्षण एकाच माणसाकडे झेपावतात, दुसरा मोकळा सुटतो आणि क्वार्टरबॅक जमिनीवर जातो. कागदावर मात्र दोघेही चार तारांकित, म्हणजे गुणवत्तेच्या मानांकनात वरचे असतात.

फ्लोरिडा स्टेटचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. २०२३ मध्ये कॉन्फरन्सचे विजेतेपद धरून हा संघ १३-० होता. पुढे त्याचे दहा खेळाडू एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) घेतले गेले. जागा पोर्टलमधून भरल्या आणि २०२४ च्या हंगामापूर्वी एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत संघाला दहावे स्थान मिळाले. डब्लिनमधल्या पहिल्याच सामन्यात जॉर्जिया टेकने त्याला २४-२१ असे हरवले आणि हंगाम २-१० वर संपला. उलट बाजूला इंडियाना आहे. २०२३ मध्ये ३-९ असलेला हा संघ नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांच्यासोबत आलेल्या खेळाडूंच्या बळावर २०२४ च्या नियमित हंगामात ११-१ झाला. पोर्टलमुळे एका उन्हाळ्यात संघ उभाही राहतो आणि कोसळतोही. तेव्हा गेल्या वर्षीच्या निकालाला पूर्वीइतके वजन देणे आता चुकीचे आहे.

निकालातही एक फसवी गोष्ट असते, ती म्हणजे चुरशीचे सामने. आठ किंवा त्याहून कमी गुणांचा फरक एका टचडाउनने (सहा गुण) आणि त्यावरच्या दोन गुणांनी मिटतो, म्हणून असे सामने वेगळे काढावेत. टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) हा संघ २०२२ मध्ये नियमित हंगामात १२-० राहिला. त्यातले पाच विजय अशाच फरकाचे होते. बेलरविरुद्ध तर टाइमआउट उरला नव्हता आणि घड्याळ चालू होते. किकची तुकडी धावत मैदानात आली, रांग कशीबशी लागली आणि वेळ संपता संपता ४० यार्डांची किक आत गेली: २९-२८. पुढच्या वर्षी तोच संघ ५-७ झाला. फंबलचेही, म्हणजे हातातून सुटलेल्या चेंडूचेही तसेच. लांबट चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसतो, त्यामुळे सुटलेला चेंडू कुणाला मिळणार हा जवळपास छापा-काटाच असतो. टर्नओव्हरमध्ये (चेंडूचा ताबा प्रतिस्पर्ध्याकडून मिळवण्यात) फार पुढे राहिलेल्या संघाचा पुढचा अंदाज एखाद्या विजयाने खाली आणावा.

मात्र ‘नशीब फिरेल’ एवढ्यावर विसंबूनही चालत नाही. नेब्रास्काने २०२१ मध्ये नऊ सामने गमावले, ते सगळे एक आकडी फरकाने. हंगामात दिलेल्या गुणांपेक्षा केलेले गुण ६३ ने जास्त होते. पुढल्या वर्षी चाहत्यांनी मोठ्या आशा बांधल्या, हाती आले ४-८. किक, पंट (चेंडू लाथेने दूर धाडणे) आणि शेवटच्या दोन मिनिटांतले निर्णय सुधारले नसतील, तर अशा पराभवांना दुर्दैव म्हणू नये.

वेळापत्रकात प्रतिस्पर्ध्याच्या नावापेक्षा क्रम पाहावा. विश्रांतीचा आठवडा आपल्याला कधी आहे, समोरचा संघ विश्रांतीहून येतो आहे का, लागोपाठ दोन सामने बाहेर आहेत का, पूर्वेकडच्या संघाला पॅसिफिक किनाऱ्यावर जावे लागते का, अशा एकेका गोष्टीने ६५ चे ६० टक्के होतात.

हंगामपूर्व क्रमवारीवर तर फारच थोडा भार द्यावा. २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकावरचा टेक्सास सलामीलाच ओहायो स्टेटकडून १४-७ असा हरला. दुसऱ्या क्रमांकावरच्या पेन स्टेटने तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएकडून ४२-३७ अशी हार पत्करली आणि ऑक्टोबरच्या मध्याआधीच प्रशिक्षक बदलले. दुसरीकडे, बारा संघांचा प्लेऑफ (विजेतेपदासाठीची बाद फेरी) सुरू झाल्यापासून दोन पराभवांची पूर्वीइतकी धास्ती उरलेली नाही. ओहायो स्टेटने २०२४ चा नियमित हंगाम १०-२ असा संपवला, मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१० अशी हार सोसली आणि तरीही जानेवारीत नोत्र दामला ३४-२३ ने नमवून विजेतेपद मिळवले.

आपल्या क्रीडा पानाला एक विनंती आहे. या खेळाचे अंदाज छापाल तेव्हा नुसते १०-२ न छापता प्रत्येक सामन्यापुढे टक्के द्यावेत आणि डिसेंबरात तोच तक्ता निकालांसह पुन्हा छापावा. ६५ टक्के दिलेल्या सामन्यांपैकी शंभरात ६५ च्या आसपास जिंकले गेले का, हे एका संघाच्या एका हंगामात कळणार नाही. दहा-बारा संघांचे तक्ते दोन-तीन वर्षे जपले, तर कुणाचा हात सैल आहे ते दिसेल.

– अमेरिकी कॉलेज फुटबॉलचे काही मराठी चाहते