बाबूनं लिहिलेलं चुकीचं साल

फोंडा, २० मे

ति. बाबा आणि सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र तूच बाबांना वाचून दाखवणार, म्हणून आधी तुला सांगते. जसं लिहिलंय तसं वाच. मधलं काही गाळू नकोस. फोनवर सांगितलं असतं, पण बाबांना फोनवरचं नीट ऐकू येत नाही, मग तू फोन घेतेस आणि त्यांना दोन वाक्यांत उरकून सांगतेस. हे दोन वाक्यांत मावणारं नाही.

बाबूनं गेल्या महिन्यात पाच पेपर लिहिले. स्वतःचे नव्हेत, बी.ए.ला असलेल्या एका मुलीचे. तिला जन्मापासून दिसत नाही. तिचा ठरलेला रायटर दोन दिवस आधी ‘जमणार नाही’ म्हणाला. अभ्यास झालेला, हॉलतिकीट हातात, आणि लिहायला माणूस नाही! बाबूच्या एन.एस.एस.च्या ग्रुपवर निरोप आला आणि यानं आम्हाला न विचारताच ‘मी येतो’ कळवून टाकलं. रायटर शिक्षणानं परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावा लागतो, म्हणून अकरावीचा पोरगा चालला. मी आधी रागावलेच. तुमचा जावई म्हणाला, जाऊ दे, शब्द दिलाय त्यानं.

पहिल्या दिवशी मी सोबत गेले. फोंड्याच्या बस स्टँडवर ती पांढरी काठी घेऊन उभी होती. बाबूनं भाबडेपणानं तिचा दंड धरला. ती हसली, त्याचा हात सोडवला आणि स्वतःच त्याचं कोपर धरलं. म्हणाली, “तू अर्धं पाऊल पुढे चाल, मला तुझ्या हातावरून सगळं कळतं. पायरी आली की चढायची की उतरायची तेवढं सांग.” मी मागून बघत होते. आपण आजवर अशा माणसांना खांद्याला धरून ढकलतच नेत आलो, हे मला त्या स्टँडवर समजलं. बाबू तिला पहिल्याच दिवसापासून ताई म्हणायला लागला.

तीन तासांच्या पेपरला त्यांना एक तास जास्त मिळतो, तासाला वीस मिनिटं या हिशेबानं. वेगळी खोली, एक पर्यवेक्षक आणि हे दोघं. बाबू प्रश्न दोनदा वाचायचा. ती थोडा वेळ गप्प बसायची, मग सांगायला लागायची, अगदी स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद इथपर्यंत. पान भरलं की विचारायची, “किती ओळी झाल्या?” शेवटी सगळं वाचून घ्यायची. चार तास दुसऱ्याच्या वेगानं लिहून याचं बोट सुजलं होतं. मी हळद लावायला गेले तर म्हणाला, ताईनं चार तास सगळं डोक्यात धरून ठेवलं, माझं काय घेऊन बसलीस.

तिसरा पेपर गोव्याच्या इतिहासाचा होता. बाबा, आता नीट ऐका. जनमत कौलावर प्रश्न आला. लहानपणी भिंतींवर रंगवलेलं फूल आणि दोन पानं पाहिल्याचं तुम्ही बाबूला किती वेळा सांगितलंय! महाराष्ट्रात विलीनीकरण हवं असलेल्यांचं फूल, वेगळ्या गोव्यावाल्यांची दोन पानं, आणि चौतीस हजार एकवीस मतांचा फरक. तारीख तर त्याला झोपेतसुद्धा विचारली तरी सांगेल, १६ जानेवारी १९६७.

ताईनं सांगितलं, “१९६३ साली गोव्यात जनमत कौल घेण्यात आला.”

बाबूचं पेन थांबलं. १९६३च्या डिसेंबरात पहिली विधानसभा निवडणूक झाली, तिची ती गफलत झाली होती. त्यानं १९६३ लिहिलं. परत वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा त्याला घाम फुटला. ‘त्रेसष्ट’वर आवाज जरा जरी अडला असता तर तिला इशारा मिळाला असता. म्हणून त्यानं ते वाक्य आधीच्या आणि नंतरच्या वाक्यांसारखंच सपाट वाचलं. ती म्हणाली, “हं, पुढे.”

घरी आला आणि हुमण-भाताचं ताट समोर घेऊन नुसता बसून राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, “आई, मी ताईचं नुकसान केलं का?” सगळं ऐकल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, “अरे, एक आकडाच होता, सदुसष्ट लिहिलं असतंस तर कोणाला कळणार होतं?” आज लिहितानाही त्याची लाज वाटते. तो मान वर न करता म्हणाला, “मग तो पेपर तिचा कसा राहिला असता?”

बाबा, मी उठून स्वयंपाकघरात गेले. डोळे भरून आले होते. त्याचे स्वतःचे मार्क चांगले आले तेव्हाही मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

शेवटच्या पेपरानंतर ताई आमच्याकडे चहाला आली. तिनं स्वतःच विषय काढला. त्या रात्रीच तिला चूक कळली होती. “तुला माहीत होतं ना रे?” तिनं विचारलं. यानं हो म्हटलं. ती म्हणाली, “तू सुचवलं असतंस, तर पुढच्या पेपराला मी दुसरा रायटर शोधला असता.” आणि शांतपणे चहात बिस्कीट बुडवलं. आम्ही तिघं गप्प. जाताना तिनं पाटी आणि टोच्या काढून एका जाड कार्डावर बाबूला त्याचं नाव ब्रेलमध्ये टोचून दिलं. ते उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे बोटानं वाचायचं. एका चौकटीत जास्तीत जास्त सहा टिंबं, त्यांतूनच सगळी अक्षरं. बाबू दिवसभर डोळे मिटून ते कार्ड चाचपत असतो.

हे त्याच्यात कुठून आलं याचा मी विचार करते. २०२३च्या जानेवारीत पणजीत दिव्यांगांसाठीचा पहिला पर्पल फेस्ट झाला, तेव्हा त्याला घेऊन गेले होते. तिथे मोटारींची रॅली होती, गाडी चालवणारा डोळस आणि शेजारी बसून रस्ता सांगणारा अंध. ‘रस्ता माहीत असलेल्याचं ऐकायचं असतं,’ एवढंच तेव्हा तो म्हणाला होता. पण तेच कारण असेल असं नाही. तुमच्या अंगणात तुमच्या पायाशी बसून तो वाढलाय, हेही आहेच.

आणि म्हणूनच आता मुख्य गोष्ट. आई, इथे थांबू नकोस, वाच.

बाबा, गेल्या चवथीला आम्ही तुम्हाला खुर्चीवर बसवलं. काचबिंदूमुळे बाजूचं दिसत नाही, शिडीवरून पडाल, म्हणून गणपतीवर टांगायची रानफळांची माटोळी भावानं आणि मी बांधली. तुम्ही काहीच बोलला नाहीत. कांगलांचे घोस वेड्यावाकड्या उंचीवर लटकत होते, सुपारीचा शिपटा कडेला जाऊन बसला होता. तुम्ही एकदा हात वर केलात आणि खाली घेतलात. मी ते पाहिलं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं. त्याआधी पासबुकही आम्हीच काढून घेतलं होतं, आणि औषधाच्या बाटल्याही. तुम्हाला सांभाळतोय असंच आम्हाला वाटत होतं.

परवा बाबूनं मला सरळ विचारलं, “आजोबांना कोणी विचारलं होतं का?”

कोणी नव्हतं विचारलं. मला माफ करा.

यंदा माटोळी तुम्हीच बांधायची. शिडीवर बाबू चढेल, किंवा चौकटच खाली उतरवून तुम्ही बसून बांधाल आणि मग वर चढवू, ते तुम्ही ठरवा. माट्टुकली कुठली, कवंडळ कुठलं, हे तुमच्या बोटांना आमच्या डोळ्यांपेक्षा चांगलं कळतं. बाबू नुसता एकेक हातात देईल. काही सुचवणार नाही म्हणतो, विचारलंत तरच बोलेल. पासबुक रविवारी त्याच्याबरोबर परत पाठवते. ते ब्रेलचं कार्डही तो आणणार आहे, बोट लावून बघा.

उत्तर लवकर पाठवा. बाबांनी सांगायचं आणि आई, तू लिहायचं. ते माझ्यावर रागावले तर तो रागही तसाच उतरव.

तुमची,
माई