लेझरचे जूल कोण मोजणार?

संपादक महोदय,

‘दोन दिवसांत लेझर थेरपिस्ट व्हा’ अशा आशयाच्या जाहिराती हल्ली वरचेवर दिसतात. पहिल्या दिवशी व्याख्यान, दुसऱ्या दिवशी यंत्राची ऑर्डर असा त्यांचा बेत असतो. लाल प्रकाशाचा उपचार थोतांड आहे असे आम्ही म्हणत नाही. 1967 च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर यांनी लेझरने कर्करोग होतो का हे पाहण्यासाठी उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर रुबी लेझर टाकला. गाठी आल्या नाहीत, केस मात्र लवकर उगवले, आणि पुढे त्यांनी न भरणाऱ्या जखमांवर हाच प्रयोग केला. आज या उपचाराला सर्वांत भक्कम पुरावा आहे तो केमोथेरपी-रेडिएशनमध्ये तोंडात येणारे व्रण टाळण्यासाठी. ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांची पारख करणाऱ्या संस्थेने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. मधुमेही पायाच्या जखमेचे तसे नाही. त्या विषयावरच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका असे भौतिक उपचार सुचवत नाहीत. म्हणून जो तिथे लेझर वापरेल त्याने तो मूळ उपचाराला जोड म्हणूनच वापरावा आणि रुग्णाला तसे आधी सांगावे.

या कामात येऊ पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टने किंवा डॉक्टरने यंत्राच्या आधी आकडेमोड शिकावी. वॅट गुणिले सेकंद म्हणजे जूल. जूल भागिले प्रकाशाच्या ठिपक्याचे क्षेत्रफळ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरची मात्रा. 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा (लाल प्रकाशाचा), 100 मिलिवॅटचा प्रोब, म्हणजे प्रकाश सोडणारी हातात धरायची दांडी, आणि अर्धा चौरस सेंटिमीटर ठिपका धरा. 20 सेकंदांत 2 जूल पडले, म्हणजे दर चौ. सेंमी. 4 जूल. उघड्या जखमेला सहसा एक-दोन ते पाच-सहा जूलच्या दरम्यानची मात्रा देतात. दुप्पट दिली तर दुप्पट फायदा, असा हिशेब इथे चालत नाही. एका मर्यादेपलीकडे तोच प्रकाश पेशींचे काम मंदावतो. ‘थोडा जास्त वेळ ठेवू या’ हा आपल्याकडचा प्रेमळ आग्रह इथे नडतो.

खरी गफलत होते ती 904 नॅनोमीटरच्या स्पंदित, म्हणजे तुटक-तुटक झोतांच्या, लेझरमध्ये. जाहिरातीत ‘25 वॅट’ छापलेले असते, पण ती फक्त स्पंद चालू असतानाची शक्ती. स्पंद 200 नॅनोसेकंदांचा आणि सेकंदाला 5000 स्पंद असतील तर सरासरी शक्ती भरते जेमतेम 25 मिलिवॅट. एका मिनिटात दीड जूल. आता कोणी मेनूतून वारंवारता 1000 वर आणली आणि वेळ तसाच ठेवला, तर सरासरी 5 मिलिवॅटवर येते आणि तोच दीड जूल द्यायला पाच मिनिटे लागतात. पडद्यावर ‘वेदना’, ‘जखम’, ‘सूज’ अशी चित्रे असतात. यातले काही ती सांगत नाहीत.

दुसरी गफलत जुन्या प्रोबची. प्रकाश देणारा डायोड झिजतो, भिंगावर मलम आणि चिकटपट्टीचा चिकटा बसतो. डब्यावर 100 लिहिलेले यंत्र मीटरवर 55 दाखवते आणि मग वरचे 4 जूल 2.2 होतात. रुग्णाला गुण येत नाही, दोष मात्र उपचाराला लागतो. भिंग रोज पुसावे आणि शक्तीमापक दर महिन्याला लावावा. मापकावर तरंगलांबी बरोबर निवडली आहे ना, हेही पाहावे; 660 चा प्रोब 808 च्या सेटिंगवर मोजला की आकडा चुकतो.

जखमेवर हात कसा चालवायचा ते पाहू. तळव्यावर 3 बाय 2 सेंटिमीटरची जखम आहे. आधी पायाची नाडी तपासा, 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (नायलॉनच्या तंतूने) संवेदना पाहा, बोथट सळईने जखमेच्या तळाशी हाड लागते का ते बघा. हाड लागले, पू आहे, किंवा पायाला रक्तपुरवठाच नाही, तर लेझर बाजूला ठेवून रुग्णाला सर्जनकडे पाठवा. ते नसेल तर भोवतीचा घट्टा आणि मेलेला भाग काढलेला हवा आणि पायावरचा भार काढलेला हवा. रुग्ण त्याच चपलेत चालत असेल तर प्रकाश कितीही टाका, पाऊल रोज ती जखम पुन्हा फोडते. मग जखम सलाइनने धुवा. आयोडीन किंवा सिल्व्हरचे मलम राहिले तर प्रकाश तिथेच अडतो. प्रोबच्या टोकावर पारदर्शक फिल्म ताणून लावा, प्रत्येक रुग्णाला नवी. कडेच्या निरोगी त्वचेवर सेंटिमीटर-सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण आठ ठिकाणी, प्रोब काटकोनात टेकवून 20-20 सेकंद धरा. तिरका धरला तर प्रकाश परततो, लांब धरला तर पसरतो. जखमेच्या तळावर न टेकवता, पण अगदी जवळून. आठवड्यातून दोन-तीनदा. दर आठवड्याला स्केल ठेवून फोटो. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आले नाही, तर कारण पुन्हा शोधा, लेझर वाढवत बसू नका.

अर्ध्या वॅटच्या वरचे लेझर सुरक्षेच्या दृष्टीने सर्वांत धोक्याच्या, चौथ्या वर्गात येतात आणि तापतात. गडद त्वचेत रंगद्रव्य जास्त प्रकाश शोषते, गोंदणावर तर आणखीच. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही. रुग्ण ‘काही होत नाही’ म्हणत राहतो आणि संध्याकाळी फोड दिसतो. अशा पायावर हे यंत्र नकोच. डोळ्यांवर, ज्ञात कर्करोगाच्या गाठीवर आणि गरोदर स्त्रीच्या पोटावर कोणताच लेझर नको.

गॉगलची गोष्ट निराळीच. लाल लेझरसाठीचा गॉगल 810 किंवा 904 ला अडवेलच असे नाही. हे किरण दिसत नसल्याने डोळा आपोआप मिटतही नाही. काचेवर तरंगलांबी आणि घनता (काच प्रकाश किती अडवते तो आकडा) छापलेली असते, ती वाचावी. गॉगल रुग्णालाही हवा, सोबत बसलेल्या नातेवाइकालाही. अंगठी, घड्याळ, स्टीलचा ट्रे प्रकाश परतवतात, म्हणून बाजूला. काम संपले की यंत्राची किल्ली काढून खिशात.

आमची मागणी छोटी आहे. प्रत्येक बैठकीच्या केसपेपरवर चार आकडे असावेत: तरंगलांबी, मोजलेली सरासरी शक्ती, ठिपक्याचे क्षेत्रफळ आणि प्रत्येक बिंदूचे सेकंद. रुग्णांनी ते मागावेत. दोन दिवसांचे प्रमाणपत्र भिंतीवर लावणाऱ्याला हे चार आकडे सांगता आले नाहीत, तर पैसे देण्याआधीच निघावे. आणि आपल्या वृत्तपत्राने अशा वर्गांची आणि केंद्रांची जाहिरात घेताना उपचार करणाऱ्याचा वैद्यकीय किंवा फिजिओथेरपी परिषदेतला नोंदणी क्रमांक मागावा. ‘मधुमेह बरा करू’ असे जाहिरातीत लिहिणे 1954 च्या कायद्यानेच निषिद्ध आहे. तो मजकूर छपाईला जाण्यापूर्वी कुणीतरी वाचत असेलच.

आपले,
जखम-उपचार आणि फिजिओथेरपी क्षेत्रातील काही वाचक, पुणे