माळ्याला विचारलंस का?

पुणे,
रविवार, सकाळ

प्रिय दोस्ता,

सविस्तर लिहीन असं फोनवर म्हणालो होतो, ते आज जमतंय. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, भिडे पूल बंद आहे, घराबाहेर पडायचा प्रश्नच नाही. गेले आठ दिवस मी आणि आई एका मृत्यूच्या तपासात बुडालोय, आणि तू इथे नाहीस याची मनापासून हळहळ वाटते.

गेमचं नाव 'डेडलाइन'. अमेरिकेतल्या इन्फोकॉम कंपनीने १९८२ साली काढलेला. चित्र एकही नाही. पडद्यावर नुसता मजकूर, आणि आपण इंग्रजीत हुकूम टाइप करायचे: उत्तरेला जा, दार उघड, अमक्याला तमक्याबद्दल विचार. मार्शल रॉबनर नावाचा बडा उद्योगपती स्वतःच्या घरातल्या लायब्ररीत मेलेला सापडलाय. दार आतून बंद, पोटात औषधाचा जादा डोस. दिसायला सरळ आत्महत्या. आपण पोलिसांकडून आलेले डिटेक्टिव्ह. सकाळी आठला बंगल्यासमोरच्या हिरवळीवर उभं राहायचं आणि रात्री आठच्या आत छडा लावायचा.

यातली माणसं आपली वाट बघत थांबत नाहीत, हे मला सगळ्यात भावलं. आपण माडीवर कपाटं धुंडाळत असलो तरी खाली कोणी बागेत जातं, कोणी कुजबुजतं. दुपारी बाराला मृत्युपत्राचं वाचन होतं. आपण त्या वेळी बैठकीच्या खोलीत नसलो, तर कोणाचा चेहरा कसा बदलला ते कधीच कळत नाही. पहिल्या दिवशी मी नेमका तेव्हा स्वयंपाकघरात होतो. मग सगळ्यांचा ठावठिकाणा लिहून ठेवायला लागलो: किती वाजता, कोण, कुठे. आता आमच्या डायनिंग टेबलावर बंगल्याचा नकाशा आणि सगळ्यांचं वेळापत्रक पसरलेलं असतं, ताटं मांडायला जागा नाही.

त्यातच जबान्यांचे कागद. त्या काळच्या फ्लॉपीवर एवढा मजकूर मावेना, म्हणून कंपनीने जबान्या, लॅबचा रिपोर्ट, घटनास्थळाचा फोटो, एवढंच काय, पुडीत घातलेल्या गोळ्यासुद्धा गेमच्या खोक्यातच दिल्या होत्या. मी जबान्यांच्या प्रिंट अप्पा बळवंत चौकातून काढून आणल्या. आईने त्या दोऱ्याने बांधून त्यांची फाइलच केली.

आई यात कशी आली ते सांगतो. मी पडद्यावरचं इंग्रजी मोठ्याने मराठीत सांगत होतो, ती शेंगा सोलत ऐकत होती. मी बायकोला विचारतोय, मुलाला विचारतोय, सेक्रेटरीला विचारतोय. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अरे, घरच्यांना काय विचारतोस? ते कशाला सांगतील? माळ्याला विचारलंस का?" शनिवार पेठेतल्या वाड्यात लहानाची मोठी झालेली बाई ती. कोणाच्या बिऱ्हाडात काय बिनसलंय ते तिथे सगळ्यात आधी भांडीवाल्या बाईंना कळायचं, असं ती नेहमी सांगते. मी मॅकनॅबला, म्हणजे माळ्याला, त्याच्या गुलाबांचं विचारलं. तो नुसता धुमसत होता. कोणीतरी त्याच्या वाफ्यात जमिनीत खड्डे पाडले होते. ते दाखव म्हटल्यावर घेऊन गेला. ते कशाचे असावेत ते मी लिहीत नाही, तूच शोध. आई मात्र सोललेल्या शेंगांची परात बाजूला सारून उठून उभी राहिली होती.

एक कोडं तेवढं तुला सांगतो, कारण ते आपलं आहे. लायब्ररीत कोरं पॅड आणि पेन्सिल सापडते. वरचं पान फाडून नेलेलं. पॅड तपासून पाहिलं, हाती काही लागलं नाही. मग आठवलं, शाळेत आपण वहीच्या पानाखाली रुपयाचं नाणं ठेवून वरून पेन्सिल आडवी घासायचो, आणि कागदावर सिंह उमटायचे. तोच हुकूम दिला: पॅडवर पेन्सिल घास. फाडलेल्या पानावरची अर्धीमुर्धी अक्षरं खालच्या कागदावर उठून आली! पंचवीस वर्षांपूर्वीचा मागचा बाक आठवला रे. तिथेच कॉम्प्युटर बंद केला आणि तुला फोन लावला.

एवढा जुना गेम आजच्या लॅपटॉपवर चालतो कसा, असं तू विचारशीलच. इन्फोकॉमने आपले गेम कुठल्या एका कॉम्प्युटरसाठी लिहिलेच नाहीत. त्यांनी झेड-मशीन नावाचं एक काल्पनिक यंत्र ठरवलं आणि गेम त्याच्यासाठी लिहिले. नव्या कॉम्प्युटरवर त्या यंत्राची नक्कल करणारा एक छोटा प्रोग्रॅम बसवला की काम झालं. मी फ्रॉट्झ वापरतो. असा दूरचा विचार करणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो.

काल रात्री आम्ही एकाला अटक केली. घाईच केली. पुरावा अपुरा पडला आणि तो सुटला. गुन्हेगार तोच, याबद्दल आईच्या मनात शंका नाही. तिचं सगळं लक्ष लायब्ररीतल्या कपावर आहे. "त्या रात्री चहा वर कोणी नेला, आणि मधे तो कप किती वेळ एकटा होता?" हा प्रश्न तिने मला तुझ्यासाठी मुद्दाम लिहायला लावलाय. जबान्यांची एक प्रत सोबत पाठवतो. वाचून झाल्यावर त्या कपाविषयी तुला काय वाटतं ते आधी कळव, मग खेळायला बस.

आम्ही उद्या पुन्हा सकाळी आठला हिरवळीवर.

तुझाच,
मागच्या बाकावरचा