वाणी आणि गोम यांत गल्लत नको

महोदय,

पाऊस लागला की नागपूरच्या सेमिनरी हिल्स, अंबाझरी भागातल्या घरांत वाणी (मिलिपीड, असंख्य पायांचा लांबट जीव) शिरते आणि लोक तिला गोम समजून कीटकनाशक फवारतात. दोघीही संधिपाद (सांधे असलेल्या पायांचे प्राणी), पण कीटक नव्हेत. कीटकाला पायांच्या तीनच जोड्या असतात. भिंगातून कडेने पाहा: वाणीच्या अंगाच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या दिसतील (डोक्यालगतची पहिली चार वलये अपवाद), गोमीच्या वलयाला एकच. गोमीची पहिली जोडी म्हणजे विषारी नख्या, त्यांनीच ती दंश करते.

वाणीकडे असला दंशच नाही. डिवचल्यावर ती वेटोळे करते आणि वलयांच्या कडेच्या छिद्रांतून झोंबणारा द्रव सोडते. म्हणून सुपलीनेच उचलावी, हात लागलाच तर साबणाने धुवावा, डोळे चोळू नयेत. तिच्या कवचावर मेणाचा थर नसल्याने अंगातले पाणी झपाट्याने उडते आणि कोरड्या फरशीवर ती फार टिकत नाही. मग विषारी फवारा कशाला? भिंतीलगतचा ओला पालापाचोळा हातभर दूर सारा, दाराखालची फट बुजवा. कपाशी-सोयाबीनची कोवळी रोपे ती कुरतडते, तो प्रश्न वेगळा. बागेत मात्र ती कुजका पाला खाऊन खतच करते.

– प्राणिशास्त्राचे शिक्षक, नागपूर