आधी सावली, मग लॉन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाळवंटी मुलखात नवे विद्यापीठ उभे राहायचे असले की माहितीपत्रकावर ठरलेले चित्र येते: मधोमध हिरवेगार लॉन आणि त्यावर वाचत बसलेली मुले. भर उन्हाळ्यात दुपारी तिथे चिटपाखरूही फिरकणार नसते, पण टँकरभर पाणी रोज त्याच लॉनवर ओतले जाते. अशा जागी आराखडा सावलीपासून सुरू व्हावा. एक तास संपून दुसरा सुरू होईपर्यंत विद्यार्थी ज्या वाटेने जातो, तिथले डांबर उन्हात ६० अंशांच्या वर तापते. झाड त्या वाटेला हवे, फोटोच्या कोनाला नव्हे.

अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातला ‘पाम वॉक’ हा पायरस्ता बघा. १९१६ मध्ये तिथे पंख्यासारख्या पानांचे ताड लावले. दिसायला झकास, पण शेंडे इतके उंच गेले की खालून चालणाऱ्याला सावली जवळपास मिळेनाच. शंभर वर्षांनी त्यांच्या जागी खजूर लावायला घेतले. सावली बरी आणि वर फळेही. हा विचार पहिल्याच दिवशी करता येतो.

पाण्याचेही तसेच. त्याच अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात वर्षाकाठी जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाने वास्तुकलेच्या इमारतीजवळची पार्किंगची जागा मोडून २००७ च्या सुमारास बाग केली. छतावरचे पावसाचे पाणी आणि एसीतून गळणारे पाणी सुमारे ४४ हजार लिटरच्या टाकीत साठवून ते झाडांना देतात. एसीचे पाणी सर्वात जास्त मिळते ते नेमके उकाड्यात, झाडांना हवे असते तेव्हाच. आपण ते पाइप लावून गटारात सोडतो!

आणखी एक गोष्ट. रस्त्याकडेचे वाफे उंच कठड्यांचे बांधायची आपल्याकडे फॅशनच आहे. पाऊस येतो, पाणी कठड्याला घासून सरळ गटारात जाते आणि दुसऱ्या दिवशी माळी पाइप घेऊन हजर. कोरड्या प्रदेशात वाफा रस्त्यापेक्षा खाली हवा आणि पाणी आत शिरायला कठड्यात फट हवी. झाडाला आळे करणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही.

झाडे कोणती, यावर फार वाद नको. थरच्या वाळवंटात खेजडी (आपली शमी), रोहिडा, केर, पिलू आहेतच. लवकर वाढते म्हणून वेडी बाभूळ लावायचा मोह मात्र आवरावा. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याजवळ सुमारे ७० हेक्टर खडकाळ जमिनीतून ती उपटून काढायला खाणकामगारांना खडक फोडत मुळापर्यंत जावे लागले, तेव्हा कुठे राव जोधा उद्यानात मूळची झाडे रुजली. खेजडी सावकाश वाढते, हा आक्षेप रास्त आहे. तोवर वाटांवर मांडव घाला, इमारती जवळजवळ बांधा. अबू धाबीतल्या पूर्वीच्या मसदार संस्थेच्या शैक्षणिक आवारात अरुंद गल्ल्यांमुळे भिंतींचीच सावली वाटेवर पडते. मैदान किंवा पदवीदानासाठी एखादे लॉन ठेवायलाही माझी ना नाही.

पण हे सगळे रस्त्यांची पातळी ठरण्याआधी व्हायला हवे. इमारती झाल्यावर बागवाल्याला बोलावून उपयोग नाही. निविदेत लॉनचे चौरस मीटर लिहितात. ऐन उन्हाळ्यात दुपारी दोनला किती टक्के वाट सावलीत असेल, हा आकडाही त्यात मागायला काय हरकत आहे?

आपला,
एक वाचक