युद्धकथेतला ‘मी’

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील युद्धकादंबऱ्यांवरचा लेख वाचला. प्रथमपुरुषी निवेदनामुळे युद्धाचा आवाका हरवतो, एका शिपायाला दिसेल तेवढेच वाचकाच्या पदरात पडते, हा त्यातील आक्षेप मला मुळीच पटला नाही. कुठली फौज कुठे आहे, कोण जिंकणार, हे ठाऊक असलेला वाचक सुरक्षित असतो. ‘मी’ बोलू लागला की ही सुरक्षितता जाते. खंदकात त्याला जेवढे कळते, तेवढ्यावरच आपल्यालाही भागवावे लागते.

जर्मन लेखक एरिख मारिया रेमार्कची पहिल्या महायुद्धावरची कादंबरी ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९२९) सुरू होते तेव्हा आघाडीपासून नऊ किलोमीटर मागे ‘आम्ही’ पोटभर जेवून खूश आहोत. आचाऱ्याने १५० जणांचे रांधले, परत आले ८०. म्हणून प्रत्येकाला दुप्पट वाढले. त्या तृप्तीत आपणही सामील होतो आणि मग हिशेब ध्यानात येतो. हाच प्रसंग त्रयस्थाने सांगितला असता, तर त्या पोरांना निर्दय ठरवून आपण मोकळे झालो असतो. निवेदक, जर्मन शिपाई पाउल बॉयमर ‘आम्ही’ म्हणतो, त्यामुळे ती सोय उरत नाही.

पुढे तोफगोळ्याच्या खड्ड्यात लपलेला पाउल अंगावर कोसळलेल्या फ्रेंच सैनिकाला भोसकतो. तो लगेच मरत नाही. पाउल त्याला पाणी पाजतो, जखमा बांधतो, तासन्‌तास त्याची घरघर ऐकत राहतो. तो मेल्यावर पाकिटात बायको-मुलीचे फोटो सापडतात, नाव कळते: जेरार द्युव्हाल, छापखान्यातला कामगार. प्रथमपुरुषी निवेदनाची खरी मर्यादा मला इथे दिसते. शत्रूला स्वतःचा ‘मी’ मिळत नाही. त्याची ओळख होते ती मेल्यावर, कागदपत्रांतून. रेमार्कने ही मर्यादा झाकली नाही, उलट तिच्यातूनच प्रसंग उभा केला.

‘मी’ हाच एक मार्ग, असे अर्थातच नाही. स्टीफन क्रेनने अमेरिकी यादवी युद्धावरची ‘द रेड बॅज ऑफ करेज’ (१८९५) तृतीयपुरुषात लिहिली. त्याचा जन्मच ती यादवी संपल्यावर, १८७१चा. रणातून पळालेल्या तरुणाच्या मनात चाललेली सारवासारव तिथे निवेदक आपल्याला उघडी करून दाखवतो. तो तरुण स्वतः बोलला असता, तर किती विश्वास ठेवायचा हे आपले आपल्यालाच ठरवावे लागले असते.

आणखी एक. ‘मी’ सांगतो आहे म्हणजे तो जिवंत राहिला असणार, असा भरवसा वाचक न बोलता बाळगून असतो. रेमार्क तोही शेवटी काढून घेतो. ‘मी’ अचानक थांबतो आणि कुणी दुसराच सांगतो, की तो ऑक्टोबर १९१८मध्ये पडला. त्या दिवशी लष्कराच्या पत्रकात पश्चिम आघाडीवर नवे काही नाही, एवढेच होते. लेखात मागितलेला आवाका तो हाच. त्यात पाउल नाही.

परिचारिका, युद्धकैदी, आघाडीच्या वाटेत गाव सापडलेली माणसे, यांचा ‘मी’ ज्या कादंबऱ्यांत बोलतो, त्यांच्याविषयीही पुरवणीत सविस्तर लेख यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक